अकरा वर्षांच्या रॉकीसाठी घर हवंय (भुसावळ)

वाघूरकाठ | ५ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आधी मुद्द्याचं. लॅब्रॅडोर, नर, पिवळसर, वय अकरा, नाव रॉकी. मुक्काम सध्या माझ्याकडे, भुसावळला. कायमचं घर हवंय. ते मिळेपर्यंत निदान मे महिनाभर कोणी फॉस्टर करणार असेल तर तेही चालेल, कारण माझ्याकडे आधीच दोन म्हाताऱ्या आहेत. एक कुत्री आणि एक सासूबाई. (हे वाक्य सासूबाईंनीच घालायला लावलंय.)

गोष्ट आपल्याकडे काही नवीन नाही. मुलगा पुण्यात, आईवडील इथे. वडिलांचे गुडघे गेले, मुलगा दोघांना घेऊन गेला, घर विकलं. कुत्र्याचं काय, तर "शेजारी बघतील". शेजाऱ्यांनी चार दिवस बघितलं. नव्या मालकांनी गेट बदललं आणि हा त्या नव्या गेटसमोर बसून राहिला. आमच्या दूधवाल्यानं सांगितलं, "ताई, ते कुत्रं उठतच नाही, दूध ठेवलं तरी गेटाकडेच बघत राहतं." मी गेले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. पाण्याची बाटली उघडली तर पाणी प्यायच्या आधी माझा हात चाटला. मग काय, रिक्षा केली.

गेली सहा वर्षं आम्ही चार-पाच घरं मिळून अशी कुत्री सांभाळतोय. संस्था नाही, एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. शेड नाही म्हणून कुत्री घरातच ठेवावी लागतात. आधी ती अडचण वाटायची, आता वाटतं तेच बरं झालं. पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल कोण काय सांगणार? घरात पंधरा दिवस राहिलं की सगळं कळतं. रात्री किती वेळा उठतो, कुकरच्या शिट्टीला दचकतो का, पोरानं शेपूट ओढली तर काय करतो. हे नीट सांगता आलं की घर मिळतं. डोळ्यांत पाणी आणणारे फोटो मीही भरपूर टाकलेत. त्यावर हात जोडलेल्या इमोजी येतात, माणूस येत नाही.

तर रॉकीचं, जसं आहे तसं:

मागचे पाय कमजोर आहेत. आमच्या घरात शहाबादी फरशी, घासून घासून गुळगुळीत झालेली. पहिल्या रात्री पाण्याच्या भांड्याकडे निघाला आणि मध्येच चारी पाय चार दिशांना गेले. तसाच पसरून राहिला, ओरडलाही नाही. दुसऱ्या दिवशी गव्हाची तीन बारदानं अंथरली. झोपायच्या जागेपासून भांड्यापर्यंत, तिथून मागच्या दारापर्यंत. आता तो त्या बारदानांवरूनच चालतो. बारदान संपलं की थांबतो आणि माझ्याकडे बघतो. भुसावळचं कुत्रं आहे, रूळ सोडत नाही.

लग्नाच्या वरातीतले फटाके वाजले की बाथरूममध्ये जाऊन बसतो, बाहेर काढायला अर्धा तास लागतो. दुधानं पोट बिघडतं, ताक-भाकरी चालते, अंडं असेल तर नाचतो (म्हणजे पुढच्या दोन पायांनी). मांजर चालतं. दुसरा नर कुत्रा दिसला की गुरगुरतो. पहाटे चारला एकदा बाहेर न्यावंच लागतं, नाही नेलं तर घरात करतो आणि मग दिवसभर तोंड लपवतो.

हे सगळं वाचूनही ज्यांना हवासा वाटेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

---

केळीबाग | ५ एप्रिल, रात्री ११:१५

वाचतोय. रावेरला शेतावर जागा भरपूर आहे, पण राखणीला कुत्रं हवंय आणि हा राखण करणार नाही असं दिसतंय :)

---

वाघूरकाठ | ५ एप्रिल, रात्री ११:२२

भाऊ, चोर आला तर हा त्याला पाणी कुठे ठेवलंय ते दाखवेल.

---

सातपुडा | ६ एप्रिल, सकाळी ८:०५

राग मानू नका, पण स्पष्ट लिहितो. आमच्या यावल तालुक्यात एका वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, माणसं कर्जात जातात. गुरांना चारा नाही. आणि इथे अकरा वर्षांच्या विलायती कुत्र्याला अंडी. दोन वर्षांत मरणाऱ्या जनावरावर कशाला एवढा खर्च?

---

वाघूरकाठ | ६ एप्रिल, सकाळी ९:३०

राग नाही. माझ्या माहेरची बागही अशीच आडवी झालेली आहे, ते काय असतं ते ठाऊक आहे. खर्च विचारलात म्हणून सांगते. रॉकीला औषधांसकट महिन्याला अडीच-तीन हजार लागतील असं दिसतंय. तो आम्ही पाच घरं वाटून घेतो, कोणाकडे वर्गणी मागत नाही. हे पैसे मी कुत्र्यावर घातले नाहीत तर चाऱ्यावर घातले असते, असंही नाही. खरं म्हणजे साडीवर गेले असते.

---

बोरीकाठ | ६ एप्रिल, सकाळी १०:१२

ताई, चांगलं काम करी राहिनी तू. मना घर म्हतारी माय शे. ती म्हनस, कुत्रं उनं ते तेले रोटी मी टाकसू, पन दवाखाना तू कर. आते मी नोकरीवर, दवाखाना कव्हय करू? म्हनून नुसतं वाची राहिनू.

---

वाघूरकाठ | ६ एप्रिल, सकाळी १०:२०

बोरीकाठ भाऊ, आईंना नमस्कार सांगा. दवाखान्याची ने-आण ग्रुपमधलं कोणी करेल. अमळनेरला एक आहे आमच्यातला. बोलू.

---

गुरांचा_डॉक्टर | ६ एप्रिल, रात्री ९:५०

मी पशुवैद्य आहे, नाव-गाव विचारू नका. आयडी खरा आहे, दिवसभर गायी-म्हशीच बघतो. पण संध्याकाळी दोन-चार कुत्री येतातच आणि त्यातली निम्मी म्हातारी असतात, म्हणून लिहितो.

मोठ्या जातीची कुत्री लवकर म्हातारी होतात. लॅब सात-आठ वर्षांचा झाला की म्हातारपण सुरू झालं असं धरा, पॉमेरियन त्या वयात अजून उड्या मारत असतं. (आपल्याकडे ज्याला 'पॉम' म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, पण ते जाऊ द्या.) लॅबचं आयुष्य साधारण दहा-बारा वर्षं, काही त्यापुढेही जातात.

मागचे पाय जातात ते बहुतेक सांध्यांच्या झिजेमुळे. पहिलं औषध म्हणजे वजन कमी करणं. आपल्याकडे लाडाचा लॅब म्हणजे पिंप असतो. दुसरं औषध तुम्ही केलंच आहे, बारदान. चालणं बंद करू नका, थोडं थोडं, दिवसातून दोनदा, ऊन नसताना.

आणि हात जोडून सांगतो, घरातल्या डब्यातली दुखण्याची गोळी देऊ नका. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनी जाते. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनानं नको. "अर्धीच दिली हो" म्हणत लोक रक्ताच्या उलट्या करणारं कुत्रं घेऊन येतात. कुत्र्यांना चालणारी औषधं वेगळी आहेत, तीही आधी रक्त तपासून, किडनी-लिव्हर बघून देतात.

डोळे निळसर दिसतात का? फोटोत तसं वाटलं. तो दर वेळी मोतीबिंदू नसतो. वय झालं की कुत्र्याच्या डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, निळसर झाक येते, पण दिसतं बऱ्यापैकी. बघायला येणारे "आंधळा आहे" म्हणून परत जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं. कापसाचा बोळा त्याच्यासमोर सोडून बघा. बोळ्याचा आवाजही येत नाही, वासही नाही. नजर खाली गेली तर दिसतंय.

---

वाघूरकाठ | ६ एप्रिल, रात्री १०:३५

डॉक्टरसाहेब, आत्ताच केलं. बोळा खाली पडेपर्यंत बघितला. आणि मग खाल्ला.

---

गुरांचा_डॉक्टर | ६ एप्रिल, रात्री १०:३७

लॅबच आहे. खात्री पटली.

---

पांझरा | ७ एप्रिल, दुपारी २:१८

धुळ्याहून लिहितोय. फॉस्टर करायचा विचार असलेल्यांसाठी माझा अनुभव. फार गोड नाही.

दोन वर्षांपूर्वी एक गावठी कुत्री घेतली होती, गंगू. वय कोणालाच माहीत नव्हतं, दात बघून डॉक्टर म्हणाले दहाच्या पुढे. बसस्टँडवर कोणाची तरी पाळलेली असणार, कारण गळ्यात पट्ट्याचा घट्टा होता. "महिनाभरासाठी" म्हणून आणली. घरमालकाला सांगितलं नव्हतं. ही माझी चूक. आठव्या दिवशी त्याला कळलं, आणि भांडण कुत्र्यापेक्षा लपवण्यावरूनच झालं. आधी विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाला असता, कारण नंतर तोच तिला खारी टाकायचा.

पहिले तीन दिवस ती पलंगाखालून निघाली नाही. जेवण आत सरकवायचं, बाऊल बाहेर ओढायचा. तिसऱ्या आठवड्यात मी कामावरून आलो तर दारात उभी. शेपूट हलवली नाही, नुसती उभी. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक अंदाज प्राणी सांभाळणारे सांगतात, म्हणजे बिचकणं जायला, घर समजायला आणि आपलं वाटायला. गंगूनं तो तंतोतंत पाळला. फक्त चौथ्या महिन्यात गेली.

गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या कुत्रीत हे होतं असं मला नंतर कळलं. पाणी फार पीत होती, मला वाटलं ऊन आहे. दोन दिवस त्यात गेले. ऑपरेशन झालं, पण शरीरानं साथ दिली नाही.

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिनं विचारलं, "पप्पा, आपण तिला कोणाला देणार होतो ना, मग आता?" मला उत्तर आलं नाही. पट्टा अजून दाराच्या खिळ्याला आहे.

रॉकीला मी घेऊ शकत नाही, आता दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि जिना त्याच्या पायांचा नाही. पण धुळ्याकडचं दुसरं कुठलं असेल तर मला विचारा. मालकाला आधी विचारीन.

---

रानवारा | ७ एप्रिल, दुपारी ३:००

:( पांझरा...

---

गुरांचा_डॉक्टर | ७ एप्रिल, रात्री ९:१५

पांझरा, ऊन आणि जास्त पाणी ही गल्लत आम्हीही बघतो, स्वतःला लावून घेऊ नका. बाकीच्यांसाठी: माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत कुत्री खूप पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, मागून घाण येत असेल, तर उद्यावर ढकलू नका. कधी कधी बाहेर काहीच येत नाही, ते जास्त वाईट.

---

पुणे_व्हाया_जळगाव | ७ एप्रिल, रात्री ११:४०

हा धागा वाचून झोप येत नाहीये म्हणून लिहितो. मी त्या मुलांपैकी एक आहे.

आईला पुण्याला आणलं तेव्हा आमची टिनू नऊ वर्षांची होती. सोसायटीत कुत्र्यावरून वाद चालू होते, बायकोला दमा, फ्लॅट दोन खोल्यांचा. ओळखीच्या एकाच्या शेतावर सोडली. तो म्हणाला, मजेत राहील. महिन्यानं फोन केला तर म्हणाला, "ती तर गेली निघून." कुठे, कधी, काही नाही. आई अजूनही पोळ्या झाल्या की शेवटची लहान करते. कोणासाठी, ते आम्ही दोघंही विचारत नाही.

तुम्ही लोक आम्हाला राक्षस समजता. तसं नसतं एवढंच सांगायचं होतं. विचारायला कोणी नव्हतं.

---

रानवारा | ८ एप्रिल, सकाळी ७:५५

कोणी नव्हतं की विचारलं नाही? प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे, त्यात जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा परिस्थितीत सोडून देणं हा गुन्हा आहे.

---

सातपुडा | ८ एप्रिल, सकाळी ८:३०

आणि दंड? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत शेवभाजीची प्लेट येत नाही. कायदा सांगू नका.

---

वाघूरकाठ | ८ एप्रिल, सकाळी ९:१०

सातपुडा, तुमच्याशी सहमत व्हायची वेळ आली, काय दिवस आलेत!

पुणे_व्हाया_जळगाव, राक्षस नाही म्हणत. पण "शेतावर मजेत राहील" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की पोटात गोळा येतो. नऊ वर्षं घरात पलंगाखाली झोपलेल्या कुत्रीला शेत म्हणजे मोकळीक नसते. तिथली कुत्री तिला टिकू देत नाहीत.

पुढच्या वेळी (तुमच्या ओळखीतल्या कोणाचीही पुढची वेळ) घर विकायच्या दोन-तीन महिने आधी सांगा. कुत्रं त्याच्या माणसांबरोबर आहे तोवर फॉस्टरवाल्यांना येऊन बघता येतं, सवयी लिहून घेता येतात, लसीची पुस्तिका मिळते. रॉकीची पुस्तिका नाही. रेबीजची लस पुन्हा दिली, बाकीच्या लसींचं डॉक्टर सांगतील तसं. त्याला 'बस' कळतं की 'सिट', हे कळायला मला पाच दिवस लागले. ('बैठ' कळतं.)

---

डाऊन_लाईन | ९ एप्रिल, सकाळी ६:१०

मी भुसावळचाच. रेल्वेत ३६ वर्षं काढली, आता निवृत्त. वय ६९. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. घर बैठं आहे, मागे अंगण, कडुनिंब.

मुलगा म्हणतो, बाबा, एखादं पिल्लू घ्या, मन रमेल. मी हिशोब केला. आज पिल्लू घेतलं तर ते रॉकीच्या वयाचं होईल तेव्हा मी ऐंशीचा. त्याला पहाटे चारला बाहेर कोण नेणार? आणि मी आधी गेलो तर ते कोणाच्या गेटसमोर बसणार? तुमचा हा कुत्रा माझ्या मापाचा आहे. पहाटे चारला मी उठलेलाच असतो, ड्यूटीची सवय.

एक शंका. मुलगा नाशिकला असतो, पावसाळ्यात महिनाभर त्याच्याकडे जातो. याला गाडीनं नेता येईल का? नियम मला माहीत आहे, फर्स्ट एसीत आख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच सोबत, नाहीतर ब्रेक व्हॅनमधली कुत्र्याची पेटी. त्या पेट्या मी आयुष्यभर पाहिल्यात. त्यात मी याला घालणार नाही.

---

वाघूरकाठ | ९ एप्रिल, सकाळी ६:४५

काका, त्या महिन्यात तो माझ्याकडे येईल. ते आमचं ठरलेलंच असतं. फॉस्टर घराचं दार बंद होत नाही, कायमचं घर मिळाल्यावरही.

नंबर व्यनित पाठवा. येऊन घर बघेन, चहा घेईन, खोचक प्रश्न विचारीन. मग पंधरा दिवस ट्रायल, त्यात कधीही "नाही जमत" म्हणा, कारण विचारणार नाही. एक कागद लिहून घेतो आम्ही: दुसऱ्याला परस्पर द्यायचं नाही, साखळीला कायमचं बांधायचं नाही, आणि तुम्हाला काही झालं तर कोणाला फोन करायचा. शेवटचं कलम सगळ्यांना अशुभ वाटतं. तुम्हाला वाटणार नाही असं दिसतंय.

---

केळीबाग | ९ एप्रिल, सकाळी ७:३०

काका, भारी. एक प्रश्न, चावला बिवला तर? या वयात इंजेक्शनं...

---

गुरांचा_डॉक्टर | ९ एप्रिल, रात्री ९:४०

दुखऱ्या जागी अचानक हात लागला तर कुठलंही म्हातारं कुत्रं दात लावू शकतं. झोपेत हलवू नका, आधी हाक मारा. कमी ऐकू येत असेल तर जमिनीवर पाय आपटा. दात लागलेच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा (हळद-चुना-तिखट काही नाही) आणि सरळ दवाखाना गाठा. पाळलेलं आहे, लस दिलेली आहे म्हणून घरी बसू नका.

काका, उन्हाचं जपा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच गार होतो. मे महिन्यात भुसावळला सकाळी आठनंतर बाहेर नको. जीभ लांब, हिरड्या लालभडक, पाय लटपटले की साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा, डॉक्टरला फोन. आणि उन्हाळा म्हणून लॅबचे केस भादरू नका.

---

वाघूरकाठ | १३ एप्रिल, रात्री ८:२०

रॉकी आज काकांकडे गेला. तिन्ही बारदानं बरोबर दिली. सासूबाईंनी त्याला भाकरीचा तुकडा दिला आणि आत निघून गेल्या, बाहेर आल्या नाहीत.

---

डाऊन_लाईन | १७ एप्रिल, सकाळी ९:००

कळवायला वाईट वाटतं. आज पहाटे अंगणाचं फाटक नीट लागलं नव्हतं. रॉकी निघून गेला. माझी चूक. साडेपाच ते सात शोधलं.

सापडला. आमच्यापासून चार गल्ल्यांवर त्याचं जुनं घर आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या गेटसमोर बसला होता. घरच्या बाईंनी पाणी ठेवलं होतं, भल्या आहेत. उठायला तयार नव्हता. मीही शेजारी दगडावर बसलो, दुसरं करणार काय? अर्ध्या तासानं उठला आणि माझ्याबरोबर आला.

ताई, परत नेणार असाल तर नाही म्हणणार नाही.

---

वाघूरकाठ | १७ एप्रिल, सकाळी ९:१२

काका, का नेऊ? तो तुमच्याबरोबर आला ना. गेटाला दुसरी कडी लावा आणि पट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर लिहा.

---

डाऊन_लाईन | ३ मे, सकाळी ७:४०

उशीर झाला कळवायला. ट्रायल संपली. कागदावर सही केली आहे, ताईंकडे आहे.

कडी लावली. पण त्याला तिकडे जायचंच असेल तर अडवायचं कशाला, म्हणून रोज पहाटे पट्टा लावून मीच नेऊ लागलो. त्या गेटाशी पाच-दहा मिनिटं बसायचा. मी दगडावर. मग परत. पहिले काही दिवस उठवावं लागायचं, नंतर आपणहून उठू लागला.

परवा गेटापाशी आला, शेजारच्या खांबाचा वास घेतला, पाय जेमतेम वर केला, आणि पुढे चालू लागला. मी सवयीनं दगडावर बसलो होतो. मला उठावं लागलं.

अंडी बंद केलीत. डॉक्टर म्हणतात वजन वाढतंय.

---

सातपुडा | ३ मे, सकाळी ८:१५

अंडी रोज देत होतात का काका?

---

डाऊन_लाईन | ३ मे, सकाळी ८:२०

दोन.

एक विनंती. अंगणाकडच्या ओट्यावर तो घसरतो, तिथे बारदान पुरत नाही. भुसावळ-वरणगावकडे कोणाकडे जाड, न फाटलेली दोन असतील तर येऊन घेऊन जाईन.

---

सातपुडा | ३ मे, सकाळी ८:५०

फैजपूरहून सोमवारी येतो आहे. चार आणतो.